चालत्या चित्रातून ओळखा धानाचा खोडकिडा



चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीनंतर बांधीवर पिवळे पतंग उडताना पुष्कळांना दिसतात. पण हा पतंग आणि खोड पोखरणारी अळी ही एकाच किडीची दोन रूपे आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाभेमर दिसू लागली की फवारणीची धावपळ होते. तोवर अळी खोडात शिरलेली असते. औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पैसा वाया जातो.

तक्त्यावर किडीच्या चारही अवस्था शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. वाचता न येणाऱ्याला त्या चार वेगळ्या किडी वाटतात. तीच चित्रे एका जागी एकामागून एक दाखवली, तर अंड्याची अळी आणि अळीचा पतंग होताना डोळ्यांना दिसतो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच थोडी-थोडी टिपून पडद्यावर दाखवली होती.

आता हे काम शाळेत संगणक शिकणारी आपली मुलेही करू शकतात. 'अ‍ॅप इन्व्हेंटर' या मोफत साधनाने मोबाइलचे अ‍ॅप ठोकळे जोडून तयार करता येते. त्यातील चित्राच्या चौकटीत हलणारे 'जिफ' चित्र टाकले, तर पुष्कळदा पहिलेच चित्र दिसून थांबते. म्हणून पुढील सोपी रीत वापरावी.

१. अंडीपुंज, अळी, कोष आणि पतंग यांची एकाच मापाची चार चित्रे घ्यावीत. ती अ‍ॅपमध्येच साठवावीत, म्हणजे जंगलातील गावात रेंज नसली तरी दिसतील.

२. चारही चित्रांची नावे क्रमाने यादीत घालावीत.

३. 'क्लॉक' हा घटक घेऊन त्याची वेळ २००० ठेवावी. हा आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे २ सेकंद झाले.

४. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला क्रमांक १ ने वाढवून त्या क्रमांकाचे चित्र चौकटीत आणावे. ४ नंतर पुन्हा १ वर यावे.

प्रत्येक चित्राखाली त्या अवस्थेचे दिवस जरूर लिहावेत आणि वाचूनही दाखवावेत. पडद्यावरचा फेरा ८ सेकंदांत संपतो; बांधीत मात्र अंडी साधारण आठवडाभर आणि अळी तीन-चार आठवडे राहते. हे सांगितले नाही, तर पाहणाऱ्याची गफलत होईल.

चित्र पाहून झाले की मुलांना घेऊन बांधीवर जावे. पानाच्या शेंड्याजवळ तपकिरी केसांनी झाकलेले अंडीपुंज शोधून नष्ट करावेत. पुढील हंगामात पऱ्ह्यांचे शेंडे कापूनच रोवणी करावी. कापणी जमिनीलगत करून धसकटे नांगरून टाकावीत, म्हणजे त्यांतील अळ्या मरतात.

अंडी दिसताच ओळखली, तर फवारणीचा बराच खर्च वाचतो. घरातल्या मुलांना हे काम जरूर सांगा.