मिरचीच्या कुंडीला पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरची मिरची दुपारी माना टाकते. पानं मलूल झाली म्हणजे झाड तहानलं, असं समजून लगेच तांब्याभर पाणी ओतलं जातं. पण कडक उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, त्यामुळे माती ओली असतानाही पानं लोंबतात. ऊन उतरलं की ती आपोआप ताठ होतात. सकाळीही झाड मलूलच दिसलं, तर मात्र मातीत दोन पेरं बोट घालून पाहावं. कोरडी लागली तर पाणी द्यावं. चिकट, ओली लागली तर मुळं कुजत असल्याची शंका घ्यावी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत चिखलात ती गुदमरतात, बुरशी लागते आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. अति पाण्याने मरणारी मिरची तहानलेल्या मिरचीसारखीच दिसते, म्हणून तिला आणखी पाणी घालून हातानेच मारलं जातं.

कुंडीच्या भोकातून पाणी आलं म्हणजे माती भिजली, हा दुसरा समज. सोलापूरच्या काळ्या मातीत तो हमखास फसवतो. ही माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून आधी थोडं पाणी देऊन माती फुगू द्यावी, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सावकाश भरपूर द्यावं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. मातीत कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट मिसळलं की फटी कमी पडतात.

यावर कुणी म्हणेल, उन्हाळ्यात रोज पाणी दिल्याशिवाय कुंडी टिकतच नाही. लहान कुंडीच्या बाबतीत ते खरंच आहे. मेमध्ये तिला दिवसातून दोनदाही पाणी लागू शकतं. पण तीच सवय ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत झाड कुजवते. शेतकरी वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली स्थिती, पाहून पाणी देतो, तोच नियम कुंडीला लावावा. दुपारी पाणी दिल्यास थेंब भिंगासारखे तापून पानं जाळतात, हीही भीती नको. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की गुळगुळीत पानावरचे थेंब तसं जाळू शकत नाहीत. सकाळची वेळ चांगली, ती पाणी कमी उडून जातं म्हणून. फुलगळीचं खापरही दर वेळी पाण्यावर फोडू नये. तीव्र उष्णतेत पुरेसं पाणी असूनही मिरचीची फुलं गळतात. तिथे दुपारची सावली कामाला येते.

सोलापुरात नळाचं पाणी रोज येत नाही. मातीवर वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला आणि पाणी देण्याआधी बोटाने माती तपासा. पाणीही वाचेल, मिरचीही जगेल.