तारेतील दोषाचा शोध

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात अहिवारा हे गाव नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ वसले आहे. भिलाईच्या ज्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, त्या कारखान्याला या खाणींनी चुनखडी पुरविली. समजा, एके दिवशी भट्टीपाशी चुनखडी पोचली नाही. अशा वेळी ‘खाणच बंद पडली’ असा निष्कर्ष कोणी जाणता मनुष्य एकदम काढणार नाही. माल भरला गेला काय, गाडी सुटली काय, ती कोठवर आली, असे तो क्रमाने विचारीत जाईल.

याच गावातील एखाद्या घरी, परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या संध्याकाळी, संगणकाच्या पडद्यावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ अशी ओळ उमटली, तर मात्र घाबरून एकाच वेळी सर्व तारा उपटल्या जातात. कधी चांगले यंत्र निकामी समजून नवे विकत आणले जाते. वस्तुतः येथेही मार्ग तोच आहे.

मार्गाचे चार टप्पे

संगणकातून निघालेला संदेश प्रथम तांब्याच्या तारेने राउटर नावाच्या पेटीकडे जातो. तेथून तो, बहुधा काचेच्या प्रकाशतंतूतून, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या केंद्रात पोचतो व नंतर जगभरच्या जाळ्यात शिरतो. म्हणजे संगणक, तार, राउटर आणि बाहेरचा मार्ग असे चार टप्पे झाले. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे एवढे कळले की निम्मे काम झाले.

पहिली कसोटी अगदी सोपी आहे. घरातील मोबाइलचे स्वतःचे इंटरनेट बंद करून तो राउटरच्या वायफायला जोडावा. मोबाइलवर इंटरनेट चालले, तर राउटर आणि त्यापुढील मार्ग निर्दोष आहेत. दोष संगणकात, तारेत किंवा ती जेथे खोचली आहे त्या खाचेत शोधावा. मोबाइलवरही चालले नाही, तर राउटरचे दिवे पाहावेत. प्रकाशतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश तेथवर पोचत नाही असे समजावे. असा दोष घरात दुरुस्त होत नाही; कंपनीला कळविणेच इष्ट.

तारेचे अंतरंग

संगणकाच्या तारेत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन मिळून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. शेजारच्या विद्युत् तारांचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो. संदेश मात्र त्या दोहोंतील फरकावरून वाचला जातो, म्हणून उपद्रव बाद होतो. अशा तारेची लांबी सामान्यतः १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटसाठी चारही लागतात. यामुळे एखादी तार तुटली तरी जोडणी पुष्कळदा पूर्णपणे बंद न पडता केवळ मंदावते. टोकाच्या प्लगची लहानशी जीभ मोडली, तर प्लग खाचेत घट्ट बसत नाही आणि जोडणी येते-जाते. खाचेजवळचा दिवा लागत नसेल, तर प्रथम दुसरी तार लावून पाहावी.

हाक आणि प्रतिसाद

१८७० मध्ये मुंबई समुद्रतळाच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. अशी तार बिघडली म्हणजे तंत्रज्ञ किनाऱ्यावर बसून तिचा विद्युत् रोध मोजीत आणि दोष किती अंतरावर आहे याचा अदमास घेत. संगणकापाशी बसूनही असाच अदमास घेता येतो. त्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ मध्ये रचली. पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकण्याच्या क्रियेवरून तिला हे नाव मिळाले.

प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यास हाक द्यावी. हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता होय. मग राउटरच्या पत्त्यास द्यावी. तो जोडणीच्या माहितीत ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून दिलेला असतो. त्यानंतर बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्यास आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावास हाक द्यावी. जेथे उत्तर थांबते, तेथून अलीकडे-पलीकडे दोष असतो. अंकांना उत्तर येते पण नावास येत नाही, असे झाल्यास तारेत काही बिघाड नाही. नावाचे अंकांत रूपांतर करणारी व्यवस्था अडली आहे. काही यंत्रे अशा हाकेला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच मौनावरून निर्णय करू नये.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर तीही एक खूण आहे. संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि त्याने आपणच एक पत्ता घेतला, असा तिचा अर्थ. अशा वेळी तार व राउटर पुन्हा तपासावेत.

दोन नियम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर इंटरनेट सुरू झाले तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा आला म्हणजे सारे काम मुळापासून करावे लागते.

दुसरा नियम पावसाळ्याचा. वीज जवळ पडल्यास तांब्याच्या तारांतून क्षणिक पण प्रबळ दाब येतो आणि संगणकाची खाच कायमची निकामी होऊ शकते. म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वीच विजेचा प्लग आणि ही तार, दोन्ही काढून ठेवावीत.

इतके करूनही यश न आले तरी श्रम वाया जात नाहीत. ‘इंटरनेट चालत नाही’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘राउटर उत्तर देतो, पण लाल दिवा लागला आहे’ असे सांगणाऱ्याचे काम लवकर मार्गी लागते. अर्जाची मुदत त्या रात्रीच संपणार असेल, तर दोष घराबाहेर आहे हे वेळीच कळल्याने शेजारच्या घरी जाऊन अर्ज भरण्यास तरी अवधी उरतो.