पाच स्पीकरवर गीतरामायण ऐकताना

आपल्या हिंगण्यातही आता टीव्हीखाली होम थिएटर दिसू लागलंय. सिनेमा त्यावर मस्तच वाटतो. पण रामनवमीला त्यावर गीतरामायण लावलं, की घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘बंद कर रे ते, आमचा रेडिओ बरा होता!’ त्यांचे कान गेले, असं समजू नका. त्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. ती का, ते आज पाहू.

गदिमांचं काव्य आणि बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक गाणं, अशी एकूण ५६ गाणी झाली. तेव्हाचं प्रसारण मोनो होतं. म्हणजे गायक, वाद्यं, सगळं एकाच वाटेनं तुमच्यापर्यंत येणार. स्टिरिओत वाटा दोन, डावी आणि उजवी. ५.१ मध्ये समोर तीन, मागच्या बाजूला दोन, आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खर्जासाठी असलेला सबवूफर.

आता प्रश्न असा, की एका वाटेनं आलेला आवाज पाच स्पीकरांत वाटायचा कसा? तुमचा रिसीव्हर डाव्या आणि उजव्या वाटेतला फरक शोधतो आणि त्यावरून मागं काय पाठवायचं ते ठरवतो. मोनोमध्ये दोन्हीकडे तेच असतं, फरक शून्य. म्हणून डॉल्बीच्या अशा मोडमध्ये सगळं गाणं मधल्या स्पीकरमध्ये येतं, मागचे गप्प. यात बिघाड काही नाही. उलट आपली प्रत मोनो आहे का, हे ओळखायची ही सोपी युक्ती आहे!

मग माणूस कंटाळून ‘हॉल’ मोड लावतो. तिथं यंत्र स्वतःच्या मनानं घुमारा मिसळतं. गीतरामायणात शब्द महत्त्वाचा. घुमाऱ्यात आधी व्यंजनं पुसट होतात आणि शब्द कळेनासा होतो. आजी वैतागते ती इथं.

याउलट उदाहरण घ्या. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३चा अल्बम १६ ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला होता. गाणं, गिटार, ड्रम यांचे वेगवेगळे ट्रॅक हाताशी होते, म्हणून २००३ साली त्याचं खरंखुरं ५.१ मिश्रण करता आलं. तिथं मागून आवाज येतो तो कोणीतरी विचार करून ठेवलेला असतो. थोडक्यात, सराउंड मुद्रणात असावा लागतो, नुसत्या स्पीकरांनी तो येत नाही.

आता खोलीचं बघू. समोरचे दोन स्पीकर मधल्यापासून ३०-३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरा मागं. आपला सोफा बहुधा भिंतीला टेकलेला असतो. मागचा स्पीकर १ मीटरवर आणि समोरचा २.७ मीटरवर असेल, तर मागचा आवाज साधारण ५ मिलिसेकंद आधी पोचतो. कान आधी आलेल्या आवाजाकडे ओढला जातो, गायक मागं उभा असल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे: टेपनं अंतरं मोजा आणि रिसीव्हरच्या ‘डिस्टन्स’मध्ये भरा. तो जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो. जमल्यास सोफा भिंतीपासून हातभर पुढं घ्या. फरशी उघडी असेल तर सतरंजी टाका, आवाजाचा खणखणाट कमी होतो.

आणि आपला नागपुरी कूलर! मे महिन्यात तो चालू असला, की मागच्या स्पीकरांतले बारीक आवाज त्याच्याखाली बुडालेच म्हणून समजा. ऐकणं रात्री उशिरा किंवा पहाटे ठेवा.

मग घरी गीतरामायण कसं लावायचं? रिसीव्हरवर ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ मोड निवडा, मागचे स्पीकर बंद, सबवूफर हळू. आवाज मोठा करण्याआधी आजीला विचारा, ‘शब्द कळतात का?’ ती ‘हो’ म्हणाली, की तुमची सेटिंग बरोबर आहे.