पहिले गिऱ्हाईक

महाविद्यालयात उद्योजकता शिकवायची म्हणजे विद्यार्थ्याला एखादी वस्तू किंवा सेवा तयार करायला लावायची, ती अनोळखी माणसाला विकायला लावायची आणि आलेल्या पैशाचा हिशेब त्याच्याच हाताने लिहून घ्यायचा. व्याख्याने, पोस्टर स्पर्धा, नामवंत उद्योजकांच्या मुलाखती हे सगळे या कामाच्या अवतीभोवतीचे आहे. त्याचा उपयोग होतो, पण विक्री झालेलीच नसेल तर फारसा नाही.

शिकता शिकता कमावण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 'कमवा आणि शिका' या योजनेवर गरीब घरांतील हजारो मुले पदवीपर्यंत पोहोचली. या योजनेत श्रमाचा मोबदला ठरलेला असतो. तास भरले की पैसे मिळतात. उद्योगात अशी हमी कोणी देत नाही. माल पडून राहिला तर केलेले श्रमही गेले आणि घातलेले पैसेही. ही जोखीम लहान प्रमाणात, सांभाळून घेणारी माणसे जवळ असताना अनुभवायला मिळावी, यासाठी महाविद्यालयासारखी दुसरी जागा नाही.

सरकारी चौकट आता बरीच तयार आहे. राज्यातील विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा 2006 पासून भरते. तिच्यात भाषा, कला व मानव्यविद्या, वाणिज्य व विधी, शेती, वैद्यक अशा सर्व विद्याशाखांना स्वतंत्र गट आहेत. 2018 पासून केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने महाविद्यालयांमध्ये नवोपक्रम परिषदा उभ्या करायला सुरुवात केली. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने विद्यार्थ्याच्या उद्योगाला हजेरीत सवलत आणि श्रेयांक देण्याची मुभा दिली. तरीही बहुतेक ठिकाणी उद्योजकता कक्षाची सूचना संगणक आणि अभियांत्रिकी विभागाच्या फलकावर लागते, आणि इतिहासाचा किंवा मराठीचा विद्यार्थी ती आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जातो.

ही समजूत मराठी माणसाच्या स्वतःच्या इतिहासाशी जुळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष असल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकणे हे ओतकामाइतकेच समजावून सांगण्याचे काम होते. त्यासाठी लागणारे कौशल्य कोणत्याही एका शाखेच्या अभ्यासक्रमात सापडत नाही.

म्हणून गट करतानाच शाखा मिसळणे ही पहिली पायरी. चार-पाच जणांचा गट, त्यात निदान तीन शाखा, आणि पैशाचा व्यवहार पाहणारा एक जण आधीच ठरलेला. मित्रामित्रांचे गट पटकन जमतात, पण त्यांत सगळ्यांना एकच गोष्ट येत असते.

दुसरी पायरी गरज शोधण्याची. इथे नवशिके गट हमखास एकच चूक करतात. वसतिगृहातल्या मुलांना घरगुती डबा पुरवायचे मनात येते, आणि गट विचारत सुटतो, 'आमचा डबा घ्याल का?' सगळे हो म्हणतात. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. खरी माहिती मागच्या वागण्यातून मिळते. काल रात्री कुठे जेवलात, किती पैसे गेले, गेल्या सहा महिन्यांत मेस किती वेळा बदलली, शेवटची का सोडली, रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा काय करता? अशा दहा मुलाखतींनंतर बरेचदा दिसते की अडचण चवीची नसून रविवारच्या रात्रीची आहे. मग सात दिवसांच्या डब्याऐवजी एका रात्रीची सोय विकायची, हा निर्णय आपोआप समोर येतो. समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मुलाखत घेण्याची पद्धत अभ्यासाचा भाग म्हणून येत असते. गटात त्यांचे मोल इथे कळते.

तिसरी पायरी नमुन्याची आणि विक्रीची. दिवाळीचा आकाशकंदील हे त्याचे चांगले उदाहरण आहे. भांडवल थोडे लागते, मागणी ठरलेली असते आणि मुदत अगदी कडक असते. पहिला कंदील तयार झाला की गट तो वर्गात टांगतो, सगळे कौतुक करतात. पण पदपथावर टेबल मांडल्यावर चित्र बदलते. पहिला अर्धा तास मुले टेबलामागे गप्प उभी असतात. भवानी बहुधा कोणाच्या तरी मावशीकडून होते, आणि ती विक्रीत धरायची नसते. मग एखाद्या अनोळखी बाई थांबतात, कंदील उचलून उलटा करतात, वरच्या तोंडातून हात आत घालून पाहतात आणि विचारतात, "बल्ब बदलायचा कसा रे? हात तर जात नाही आत." कागदाचा रंग, पाकळ्यांची घडी, शेपटीची लांबी यांवर आठवडा घालवलेल्या गटाने हे पाहिलेलेच नसते. तोंड दोन बोटांनी मोठे करायचे तर कामट्यांचा सांगाडा बदलावा लागतो. दुसऱ्या दिवशीच्या कंदिलात तो बदललेला असतो. नवोपक्रम म्हणतात तो याच प्रकारे घडतो. गिऱ्हाईक बोलले, ते ऐकून घेतले आणि वस्तू बदलली.

त्यानंतर हिशेब. समजा पन्नास कंदील केले. कामट्या, कागद, खळ, दोरा मिळून एकाला 55 रुपये पडले आणि किंमत 120 ठेवली. कागदावर नफा 3,250 दिसतो. प्रत्यक्षात 38 कंदील पूर्ण भावाने गेले, सात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी 70 रुपयांना काढले, पाच उरले. हाती आले 5,050. सामानाचे 2,750, टेबलाचे भाडे 400, टेम्पो 350, पिशव्या आणि वायर 150 वजा जाता राहिले 1,400. एका कंदिलाला सव्वा तास लागला असेल, तर नुसत्या बनवण्याचेच साडेबासष्ट तास झाले. म्हणजे तासाला साडेबावीस रुपयेसुद्धा नाहीत. स्वतःची मेहनत खर्चात धरायची असते, हे वाणिज्याच्या पुस्तकात वाचलेले असते. रोजकीर्दीत हा आकडा स्वतः लिहिला की ते पटते. उरलेल्या पाच कंदिलांना दिवाळीनंतर काही किंमत नाही, हेही त्याच पानावर दिसते. पुढच्या वर्षी किती करायचे आणि किती आगाऊ मागणीवर, हा विचार तिथून सुरू होतो.

काही गटांच्या हाती खरोखर नवी रचना लागते. त्यांना पेटंटचा नियम आधी सांगायला हवा, कारण चूक नंतर दुरुस्त होत नाही. अर्ज करण्याआधी कल्पना जाहीर झाली, तर सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे मोजके अपवाद वगळता तिचे नावीन्य संपते. महाविद्यालयाच्या प्रकल्प प्रदर्शनात सगळे उघड करून मांडणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते. तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज आधी करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे. व्यवसायाची पद्धत किंवा निव्वळ संगणक आज्ञावली यांना मात्र भारतीय कायद्यात पेटंट नाही. संस्थेची साधने वापरून केलेल्या शोधावर संस्थेचाही हक्क असू शकतो. म्हणून वाटणी सुरुवातीलाच कागदावर हवी.

मोठे उद्योग अशा महाविद्यालयीन प्रयोगांतून क्वचितच आणि सावकाश उभे राहतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन बनवणारी कंपनी 2007 मध्ये सुरू झाली आणि शेअर बाजारात आली 2023 मध्ये. संस्थेचे 'साइन' हे उद्योग संवर्धन केंद्र तिच्या पाठीशी होते. असे पाठबळ तालुक्याच्या महाविद्यालयात नसते. पण तिथे दूध संकलन, द्राक्षबागा, आठवडे बाजार, यात्रा आणि लग्नसराई हाकेच्या अंतरावर असतात, आणि त्यांतल्या अडचणी तिथल्या मुलांना घरातूनच माहीत असतात. ही माहिती शहरातल्या प्रयोगशाळेला विकत घ्यावी लागते.

अशा महाविद्यालयाला इमारत किंवा यंत्रे आधी लागत नाहीत. फिरते भांडवल म्हणून पाच-दहा हजार रुपये, ते परत आले की पुढच्या गटाला देण्याची पद्धत, हिशेब तपासणारा वाणिज्याचा एक प्राध्यापक आणि बुडालेल्या गटाला दुसऱ्यांदा पैसे देण्याची प्राचार्यांची तयारी एवढे पुरे. उद्योजकता कक्षाच्या वार्षिक अहवालात कार्यक्रमांची छायाचित्रे खूप असतात. प्राचार्यांनी त्यात एक पान वाढवावे: वर्षभरात किती गटांनी अनोळखी गिऱ्हाइकाला माल विकला, आणि त्या गटांत किती शाखांचे विद्यार्थी होते.