काचेचा हिशेब : कमठाण्याच्या माळावर परवडणारी दुर्बीण

दिवाळीच्या सुमारास बीदर जिल्ह्यातल्या कमठाण्याच्या शिवारात सोयाबीनची रास झालेली असते, तूर फुलोऱ्याला आलेली असते आणि रब्बीची ज्वारी-हरभरा जमिनीतून डोकं वर काढत असतो. राखणीचे खरे दिवस हेच. रानडुकरं उभं पीक लोळवतात, काळविटांचे कळप कोवळा हरभरा खुडतात. बीदर आणि कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या डाळीमागे शेतकऱ्याच्या किती जागलेल्या रात्री असतात, हे बाजारात दिसत नाही. अशा जागरणातूनच कमठाण्यातल्या एका तरुणाचा प्रश्न निघतो : बंदुकीवर बसवायला परवडणारा चांगला स्कोप कोणता?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आहे. मात्र काच निवडण्याआधी ती कशासाठी हवी, हे ठरवायला लागतं. आणि आपल्याकडे ते बरंचसं कायद्यानंच ठरवून टाकलं आहे.

कायद्याची चौकट

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकार बंद केली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होऊ शकते, शिवाय दंड. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी दोनच कारणांनी मिळू शकते : तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल. पिकाची नासाडी हे कारण त्यात बसत नाही. रानडुकराचं वेगळं आहे. ते दुसऱ्या अनुसूचीत असल्यामुळे उभ्या पिकाच्या नुकसानीवरून अधिकृत अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. त्या कागदाशिवाय झाडलेली गोळी हा गुन्हाच.

हत्यारांचा कायदा १९५९चा. पीकरक्षणासाठी त्यात नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तिची नळी आतून गुळगुळीत, नेम जवळच्या पल्ल्यापुरता. तिच्यावर स्कोप बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. राहता राहिली रायफल क्लबातली नेमबाजी आणि परवाना न लागणारी कमी ताकदीची एअर रायफल. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते दोघांनीही बारीक छिद्राच्या साध्या साइटमधून नेम धरून.

हैदराबाद संस्थानातली दोन चित्रं

बंदुकीकडून काचेकडे जाणारी वाट या भागानं आधीही पाहिली आहे. बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी बीदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात. भाषा मात्र तालुक्याची हद्द पाळत नाही, त्यामुळे या शिवारांत मराठी, कन्नड आणि दखनी आजही एकाच बांधावर बोलल्या जातात.

या संस्थानाचे सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यानं त्या काळातल्या शिकारीचे डौल टिपून ठेवले आहेत. काळवीट तर मोकळ्या माळाचा प्राणी. दडायला झाडी नाही, भिस्त सगळी नजरेवर आणि पायांवर. पुढे जीप आणि सर्चलाइट आले, तेव्हा ही दोन्ही बळं लुळी पडली. उजेडात डोळे दिपलेला कळप जागीच उभा राहतो आणि रात्रीची शिकार कत्तल होऊन बसते.

त्याच संस्थानातलं दुसरं चित्र पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं. लहानपणी एअर गननं मारलेल्या, पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. नमुने गोळा करायला तेव्हाच्या शास्त्राला बंदूक लागत असे. पुढे हातात टिकली ती दुर्बीण आणि वही. व्यंकटेश माडगूळकर यांचाही प्रवास तसाच : उमेदीत शिकार, नंतर बंदूक ठेवून रान न्याहाळणं. ‘नागझिरा’ हे त्यांचं पुस्तक त्या न्याहाळण्याचं फळ आहे. रानाची उत्तम जाण असलेल्या या माणसांनी बंदूक खाली ठेवली, पण काच सोडली नाही.

काच कशी पारखावी

स्कोप असो की दोन डोळ्यांची दुर्बीण, भौतिकशास्त्र तेच. अंगावर दोन आकडे असतात. ‘८×४२’ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ‘३-९×४०’ या सर्वांत खपणाऱ्या रायफल स्कोपात पट तीन ते नऊ बदलता येते आणि भिंग ४० मिलिमीटरचं.

आता भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा. येतो तो डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर. ३-९×४० नऊ पटीवर ठेवला, तर साडेचारच्याही आत. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात पाचच्या आसपास थांबते. जनावरं शेतात उतरतात ती तिन्हीसांजेला. म्हणून राखणीच्या वेळी पट वाढवून फायदा होत नाही, चित्र काळवंडतं. फुटपाथवर ‘२००×’ असं छापलेली जी दुर्बीण मिळते, तिचा तो आकडा खोटा असतो. तिच्या लालभडक भिंगाकडेही पाठ फिरवावी. तो रंग चांगल्या लेपाची खूण नव्हे.

लेप हा खर्चाचा खरा भाग. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परतून जातो. साध्या दुर्बिणीत असे दहाएक पृष्ठभाग असतात, म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. ‘फुल्ली मल्टिकोटेड’ असं लिहिलेलं असेल तर सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे. नुसतं ‘कोटेड’ असेल तर काही पृष्ठभागांवर एकच थर. त्यानंतर प्रिझमची काच. बीएके-४ ही बीके-७ पेक्षा वरची.

दुकानात पारख अशी करावी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी आणि मागच्या भिंगात दिसणारं तेजाचं वर्तुळ पाहावं. ते पूर्ण गोल हवं. कडा चौकोनी करड्या दिसल्या तर प्रिझम कमी प्रतीचं. मग दारात येऊन विजेच्या तारांवर रोखावी. दोन तारा दिसल्या, किंवा डोळे ताणल्यावरच एक झाली, तर दोन नळ्यांची जुळणी चुकलेली आहे आणि अर्ध्या तासात डोकं धरेल. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच सरस. चष्मेवाल्यांनी मागचं भिंग आणि डोळा यांतलं अंतर विचारावं; पंधरा मिलिमीटरहून जास्त हवं. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नये, डोळा कायमचा जातो.

एअर रायफलवर निशाणेबाजीसाठी स्कोपच घ्यायचा असेल, तर दोन गोष्टी जपाव्यात. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो. त्यासाठी न बनवलेला स्कोप आतून खिळखिळा होतो. दुसरं, बहुतेक रायफल स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा-वीस मीटरवर डोळा जरा हलला की आतली फुली निशाण्यावरून सरकते. म्हणून जवळच्या पल्ल्याला जुळवता येणारा घ्यावा. स्कोपावरच्या नेम जुळवण्याच्या बुरुजाच्या (टरेटच्या) एका टिचकीनं नेम १०० मीटरला साधारण सात मिलिमीटर सरकतो. उलटसुलट फिरवल्यावर तो मूळ जागी येतो का, हे तपासावं. यावर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

नळी कुठे रोखली जाते?

बंदुकीवरच्या स्कोपातून पाहायचं म्हणजे जे पाहतो त्याच्यावर नळी रोखायची. तुरीत हललेलं ते डुक्कर होतं की पाणी द्यायला आलेला शेजारी, हे कळण्याआधीच बंदूक त्याच्या दिशेला असते. साधी .२२ची गोळीही दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते आणि बीदरच्या सपाट जांभ्याच्या माळावर तिला अडवायला काही नाही. नऊ पटीवरच्या स्कोपात १०० मीटरवर साडेचार मीटरच्या आसपासचाच तुकडा दिसतो. ८×४२ दुर्बिणीत त्याच अंतरावर बारा-चौदा मीटरचा पट्टा दिसतो, दोन्ही डोळे उघडे राहतात आणि आजूबाजूचं भान सुटत नाही.

तिन्हीसांजेला बीदरजवळच्या होन्नीकेरीच्या जंगलाकडच्या माळावर अशी दुर्बीण लावली की पिवळ्या गवतातून आधी शिंगांचे पीळ वर येतात. मग नराची काळी पाठ, डोळ्यांभोवतीचं पांढरं कडं, बाजूला तांबूस माद्या. एक मादी मान वर करते, सगळा कळप थबकतो. ती उसळी घेते आणि मागोमाग बाकीच्या. कळप कुठल्या बांधावरून उतरतो, कधी उतरतो, किती जनावरं आहेत, हे चार संध्याकाळी पाहिलं की कुंपण कुठे घालायचं आणि राखण कुठे बसवायची, ते ठरतं.

त्याचा रोकड उपयोगही आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल वन खात्याकडून भरपाई मागता येते आणि त्या अर्जाला पुरावा लागतो. दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवला की दूरच्या कळपाचं ओळखू येईल असं छायाचित्र निघतं. तारीख, वेळ, सर्व्हे नंबर आणि खाल्लेल्या पिकाचा फोटो जोडला तर अर्जाला वजन येतं.

तेव्हा कमठाण्यातल्या तरुणाला माझं उत्तर असं : ८×४० किंवा ८×४२, बीएके-४ प्रिझम, सगळ्या काचांवर अनेक थरांचा लेप, आत पाणी न शिरणारी, साधारण दहा हजार रुपयांच्या आतली. एकट्याला जड जात असेल तर चार बांधकऱ्यांनी मिळून घ्यावी, ग्रामपंचायतीनं आणि शाळेनंही एकेक ठेवावी. आणि वन खात्यानं नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून पैसे वेळेवर द्यावेत. शेतकऱ्यानं बंदुकीचा विचार सोडावा असं सांगायचं असेल, तर त्याच्या हरभऱ्याची किंमत चुकती करण्याची जबाबदारी आपण सगळ्यांनी उचलली पाहिजे. माळावरचं काळवीट सगळ्यांचं आहे. त्याच्या चाऱ्याचा खर्च एकट्या बांधावरच्या माणसाच्या माथी मारणं न्यायाचं नाही.