प्राध्यापक हा ‘कामगार’ आहे काय?

विद्यापीठांतील अध्यापकवर्गाच्या संपाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा नैतिक स्वरूपाची असते. गुरूने संप करावा काय, विद्यार्थ्यांचे नुकसान कोणी भरून द्यावे, इत्यादी प्रश्न हिरिरीने विचारले जातात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याही आधी येणारा एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ज्या कायद्याने गिरणीतील विणकऱ्याच्या संपाला एक मान्य स्थान दिले, त्याच्या नोटिशीचे, समेटाचे व निवाड्याचे नियम घालून दिले, त्या कायद्याच्या दृष्टीने प्राध्यापक कोण? तो कामगार आहे की नाही? आणि नसल्यास त्याच्या संघटनेने आपले गाऱ्हाणे न्यावयाचे कोठे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना लवकरच या व्यवसायात शिरावयाचे आहे. तेव्हा हा विषय त्यांच्यापुरता तरी केवळ परीक्षेचा नाही.

या प्रश्नाचे मूळ १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात आहे. त्या अधिनियमाला दोन दरवाजे होते असे म्हणता येईल. जेथे काम चालते ती संस्था ‘उद्योग’ असली पाहिजे, हा पहिला. आणि काम करणारा मनुष्य ‘कामगार’ असला पाहिजे, हा दुसरा. दोन्ही ओलांडल्याशिवाय समेट अधिकारी, न्यायाधिकरण, नुकसानभरपाई यांपैकी कशाचाही लाभ मिळत नसे. १९२६ च्या ट्रेड युनियन्स अधिनियमाची व्याख्या याहून सैल होती व त्याखाली शिक्षकांच्या काही संघटनांची नोंदणीही झाली. तथापि नोंदणी झाली म्हणून विवाद चालविण्याचा अधिकार मिळतो असे नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, पण त्यात संपाचा हक्क अंतर्भूत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच, बँक कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात, स्पष्ट केले होते.

पहिल्या दरवाजाची कथा मोठी उद्बोधक आहे. १९६० साली नागपूर महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी पालिकेच्या निरनिराळ्या खात्यांची छाननी केली आणि शिक्षणखाते हेही उद्योगच होय असा निर्णय दिला. त्याच वर्षी न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी मुंबईच्या हॉस्पिटल मजदूर सभेच्या प्रकरणात सरकारी रुग्णालयाला उद्योग ठरविले. या दोन निर्णयांनंतर विद्यापीठाचा क्रम लागणार हे उघड होते. तो लागला एका मोटारचालकामुळे. दिल्ली विद्यापीठ विद्यार्थिनींची ने-आण करण्यासाठी बसगाड्या चालवीत असे. त्यांत तोटा येऊ लागला म्हणून चालकांना सेवेतून कमी करण्यात आले. चालकांनी कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई मागितली. विद्यापीठाने उत्तर दिले की आम्ही उद्योगच नव्हे. न्यायाधिकरणाने चालकांची बाजू उचलून धरली. परंतु १९६३ साली ‘दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचे म्हणणे मान्य केले, आणि निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनीच.

त्यांच्या युक्तिवादाचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. शिक्षणसंस्थेचे प्रधान कार्य अध्यापनाचे. ते करणारे अध्यापक हे कामगार नव्हेत, कारण अधिनियमातील व्याख्येत ते बसत नाहीत. ज्या संस्थेतील मुख्य काम कामगारांच्या हातून होतच नाही, ती उद्योग कशी म्हणावी? उरलेला शिपाई, चालक, माळी हा वर्ग संस्थेच्या कार्यात गौण. गौणावरून संस्थेचे स्वरूप ठरवू नये. शिवाय शिक्षण हा धंदा वा व्यापार नसून ते एक व्रत आहे, असेही त्यांनी प्रतिपादन केले. म्हणजे मोटारचालकाच्या भरपाईचा निकाल लागला तो प्राध्यापकाच्या उदात्ततेवर. चालकाला त्यात काय समाधान लाभले असेल, ते सांगता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर १९६६ साली गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्याच सुमारास पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विद्यापीठ व श्रम हे दोन विषय कायद्याने एकमेकांपासून वेगळे करणारा मनुष्य दोन्ही विषयांचा कारभार एकाच वेळी पाहत होता.

पंधरा वर्षांनी हा निर्णय रद्दबातल झाला. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा मतांनी ‘उद्योगा’ची कसोटी नव्याने सांगितली. पद्धतशीर चाललेले कार्य, मालक व नोकर यांचे सहकार्य, आणि मानवी गरजा भागविणाऱ्या वस्तूंची वा सेवांची निर्मिती, या तीन गोष्टी असल्या की उद्योग झाला. नफ्याचा हेतू असो वा नसो. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे. विद्यापीठातील अध्यापक कामगार नसले तरी तेथे कामगार पुष्कळच असतात, आणि त्यांचे हक्क संस्थेच्या ध्येयाच्या उंचीवर अवलंबून ठेवता येणार नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. अध्यापक स्वतः कामगार आहे की नाही, या दुसऱ्या दरवाजाच्या प्रश्नाचा निर्णय देण्याची मात्र त्यांना गरज भासली नाही. शासनाला हा विस्तार रुचला नाही. १९८२ च्या दुरुस्तीने शिक्षणसंस्था, रुग्णालये इत्यादींना उद्योगाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, परंतु दुरुस्तीचा तो भाग कधीच अमलात आणला गेला नाही. १९७८ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून हा प्रश्न २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

दुसरा दरवाजा ठोठावला तो गोव्यातील एका शिक्षिकेने. करंझाळे येथील एका शाळेने १९७५ साली तिला सेवामुक्त केले. समेटाचा प्रयत्न फसला, आणि ती कामगार नसल्याचे कारण सांगून गोवा शासनाने तिचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठविण्याचे नाकारले. उच्च न्यायालयातही तिला यश आले नाही. ‘सुंदरांबल विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला. न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी प्रथम मान्य केले की १९७८ नंतर शाळा ही उद्योगच आहे. मग त्यांनी व्याख्येतील कामाचे प्रकार एकेक करून तपासले. अध्यापन हे कुशल वा अकुशल शारीरिक काम नव्हे. ते तांत्रिक नव्हे, देखरेखीचे नव्हे आणि कारकुनीही नव्हे. हजेरी मांडणे, गुणपत्रके भरणे असे लेखनिकी काम शिक्षक करतो खरा, पण ते आनुषंगिक होय. मुलांचे चारित्र्य घडविणारा हा एक थोर पेशा आहे. सबब शिक्षक कामगार नव्हे.

या निकालाचा शेवटचा भाग फारसा उद्धृत होत नाही, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे. संस्थाचालकांपैकी काही जण शिक्षकांची पिळवणूक करतात याची न्यायालयाला पूर्ण जाणीव होती. शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, त्यांच्यासाठी इतर राज्यांप्रमाणे स्वतंत्र न्यायाधिकरणे असावीत, व गोव्यात तसा कायदा नसल्यास तो करण्याची वेळ आली आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी असे न्यायाधिकरण १९७७ च्या अधिनियमाने दिले होते. विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यासाठीही विद्यापीठ कायद्यांत, १९९४ च्या आणि पुढे २०१६ च्या, तशी तरतूद झाली.

परंतु येथेच विचारातील एक फट दिसते. ही न्यायाधिकरणे बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा वैयक्तिक अन्यायासाठी आहेत. वेतनश्रेणी, कार्यभार, भरतीबंदी, थकबाकी या सामूहिक प्रश्नांचा निवाडा ती करू शकत नाहीत. कामगार कायद्याची खरी देणगी कोणती, तर सामूहिक मागणीला बसावयास एक टेबल मिळाले ही. प्राध्यापकाला एकट्याने दाद मागण्याची सोय मिळाली. ते टेबल त्याला मिळालेले नाही.

व्रताच्या युक्तिवादाविषयीही थोडे स्पष्ट बोलावयास हवे. अध्यापनाचे ध्येय उदात्त आहे, याबद्दल दुमत नाही. पण ध्येयाची प्रत आणि नोकरीचा संबंध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पाहिले, तर आठवड्याला किमान चाळीस तास उपस्थिती, वर्षाकाठी तीस आठवडे, सहायक प्राध्यापकास सोळा व त्यावरील दोन्ही पदांस चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन, असा हिशेब मांडलेला आढळतो. जे काम घेताना तासांनी मोजले जाते, ते हक्काचा प्रश्न निघताच काम म्हणून ओळखले जात नाही, ही विसंगती आहे. पत्रकाराचे कामही बौद्धिकच. तथापि १९५५ च्या अधिनियमाने श्रमिक पत्रकारांना औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण मिळाले. औषधे खपविणाऱ्या विक्रय प्रतिनिधींना ते १९७६ साली लाभले. तेव्हा अडचण बौद्धिक कामाची नसून विधिमंडळाच्या इच्छेची आहे, असे म्हणणे भाग पडते.

इच्छा झाली म्हणजे काय होते, याचा दाखला उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, कायद्यात मिळतो. २००४ साली अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, उपदान अधिनियमातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक येत नाही. युक्तिवाद थेट १९८८ च्या वळणाचा होता. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली, आणि तीही ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. खाजगी शाळांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. २०२२ साली ते फेटाळले गेले.

अमेरिकेत हाच प्रश्न अगदी उलट्या बाजूने सुटला. १९८० साली येशिवा विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की, अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत निर्णायक वाटा असलेले पूर्णवेळ प्राध्यापक हे व्यवस्थापनाचाच भाग होत. सबब सामूहिक वाटाघाटीच्या कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. आपल्याकडे प्राध्यापक फार थोर म्हणून बाहेर राहिला, तिकडे फार समर्थ म्हणून. येशिवाचा निर्णय खाजगी विद्यापीठांपुरता होता. शासकीय विद्यापीठांतील प्राध्यापक राज्याराज्यांच्या कायद्यांखाली येतात व कित्येक ठिकाणी त्यांच्या संघटना रीतसर करार करतात.

आता संपाकडे वळू. कारखान्याचा संप मालकाच्या उत्पन्नावर घाव घालतो. महाविद्यालयाचे तसे नाही. नेमणूक करते संस्था, श्रेणी सुचविते अनुदान आयोग, पैसा येतो राज्याच्या तिजोरीतून व काही काळ काही अंशी केंद्राकडून. ज्याला कायदा मालक म्हणतो त्याच्या हाती मागणी पुरविण्याचे सामर्थ्य नसते, आणि ज्याच्या हाती ते असते त्याचे तास बुडाल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते निकाल अडकल्याने. म्हणून आपल्याकडील प्राध्यापकांची आंदोलने परीक्षेभोवती फिरतात. मेहरोत्रा समितीच्या शिफारशींच्या संदर्भात १९८७ साली देशव्यापी संप झाला. महाराष्ट्रात २०१३ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत ‘एम्फुक्टो’ या महासंघाने परीक्षाकामावर बहिष्कार घातला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या अध्यापकांचा प्रश्न या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. पुढे २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने परीक्षेच्या कामात साहाय्य करणे हे अध्यापकाचे बंधनकारक कर्तव्य ठरविले.

या आंदोलनांतील सर्वांत बिकट प्रश्न वेतनाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितले की, संपकाळाचे वेतन मिळावयाचे तर संप कायदेशीर व समर्थनीय असा दोन्ही असला पाहिजे. विणकऱ्याचा संप समर्थनीय होता की नाही हे ठरविण्यास न्यायाधिकरण आहे. प्राध्यापकाचा संप समर्थनीय होता काय, हे ठरविणार कोण? व्यवहारात उच्च न्यायालय, नाहीतर ज्याच्याविरुद्ध संप केला ते शासन.

नियमित प्राध्यापकाच्या पाठीशी निदान सेवाशर्ती व न्यायाधिकरण आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची स्थिती याहून बिकट होय. त्याची नेमणूक सत्रापुरती. ती संपली म्हणजे कोणी त्याला काढले असे होत नाही, म्हणून बडतर्फीविरुद्धचे अपील त्याच्या उपयोगी पडत नाही. आणि कामगार नसल्यामुळे औद्योगिक न्यायाधिकरणही त्याला नाही. त्याच महाविद्यालयातील प्रयोगशाळा परिचराला ते आहे. १९६३ साली चालकाच्या वाट्याला जे आले, ते आता या तरुण अध्यापकाच्या वाट्याला आले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली व १९२६ आणि १९४७ चे दोन्ही अधिनियम तिच्यात विलीन झाले. कामगाराच्या व्याख्येतील कामाचे प्रकार तिने जवळजवळ तेच ठेवले. श्रमिक पत्रकार व विक्रय प्रतिनिधी यांचा नावानिशी समावेश केला. शिक्षकाचा उल्लेख केला नाही. उद्योगाच्या व्याख्येतून शिक्षणसंस्था नावाने वगळलेल्या नाहीत, पण पूर्णतः वा बहुतांशी धर्मादाय सेवेत गुंतलेल्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत, आणि आपली बहुतेक खाजगी महाविद्यालये न्यासांकडून चालविली जातात. संपाविषयीच्या कलमाची शब्दयोजनाही अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावी. पूर्वी केवळ सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना लागू असलेली चौदा दिवसांच्या नोटिशीची अट आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे, आणि ती घातली आहे आस्थापनेत नोकरीस असलेल्या ‘व्यक्ती’वर, विवाद उभा करून न्यायाधिकरणाकडे जाण्याचे बहुतेक लाभ मात्र ‘कामगारा’ला दिले आहेत. प्राध्यापक हा यांपैकी पहिल्या शब्दात बसतो आणि दुसऱ्यात बसत नाही असे ठरले, तर नोटिशीचे बंधन त्याला लागू होईल व त्या नोटिशीनंतर सुरू होणारी समेटाची वाट त्याला बंद राहील. असा अर्थ संसदेला अभिप्रेत होता काय, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा असल्यास तो कोणत्या तरी महाविद्यालयातील एखाद्या बहिष्काराच्या निमित्तानेच होण्याचा संभव अधिक.