आदिवासी आणि फौजदारी न्यायव्यवस्था (ठाणे जिल्हा)

लोकसंख्येतील आदिवासींच्या प्रमाणापेक्षा आरोपी व कैदी यांतील त्यांचे प्रमाण अधिक असणे, ही स्थिती अनेक देशांत आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अनुसूचित जमातींचे प्रमाण ८·६% होते. २०१९ च्या राष्ट्रीय तुरुंगविषयक आकडेवारीत मात्र ते शिक्षा झालेल्या कैद्यांत १३·६% व न्यायाधीन कैद्यांत १०·५% होते. ऑस्ट्रेलियात आदिवासींची लोकसंख्या ४% हून कमी असून कैद्यांत ते सु. एक तृतीयांश आहेत.

ही तफावत जमातींच्या स्वभावातून उद्‌भवते, असे ब्रिटिश शासन मानीत असे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच समजुतीवर आधारलेला होता. तो १९५२ मध्ये रद्द झाला. ठाणे जिल्ह्याचा इतिहास निराळे कारण दर्शवितो. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी इ. जमातींचे पारंपरिक व्यवसायच येथे कायद्याने अपराध ठरत गेले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात खैर तोडून कात काढणे, राबासाठी फांद्या छाटणे व फिरती शेती करणे यांवर निर्बंध आले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर नियंत्रण घातले. वस्तुतः मोह हे आदिवासींचे अन्नही होते. त्यामुळे पिढीजात निर्वाहाचे साधन वापरणारा मनुष्य वनरक्षक व अबकारी शिपाई यांच्या लेखी गुन्हेगार ठरला. याउलट, जमीनदार व सावकार घेत असलेली वेठबिगार दीर्घकाळ निर्वेध चालू राहिली. तिच्या विरोधात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा उभारला, तेव्हा ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले.

कायद्याइतकाच न्यायप्रक्रियेचाही भार असतो. ठाणे (किल्ल्यातील मध्यवर्ती कारागृह) व कल्याण (आधारवाडी) येथे तुरुंग आहेत. शहापूर वा मुरबाडच्या पाड्यावरील मजुराच्या कुटुंबाला येथवर येणे म्हणजे रोजगार बुडविणे होय. जमिनीचा उतारा वा पगारपत्रक असलेला जामीनदार त्यास सहसा मिळत नाही. वीटभट्टीवर सहकुटुंब स्थलांतर करणाऱ्या कातकऱ्याला कायमचा पत्ता सिद्ध करणेही कठीण जाते. परिणामी जामीन मंजूर होऊनही सुटका न होण्याचा धोका राहतो.

परिस्थिती पालटण्यासाठी काही उपाय झाले आहेत. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमानुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना मोफत विधिसाहाय्य मिळते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वनजमीन व गौण वनोपज यांवरील हक्क मान्य केले, तर मोहाच्या फुलांवरील बंधने महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, देहदंड वा जन्मठेपेचे अपराध वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या न्यायाधीन कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तो काही अपवाद सोडून सुटकेस पात्र ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी व विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य ठरविले. तथापि हे हक्क पाड्यापर्यंत पोहोचण्यासाठी आरोपीस त्याच्या बोलीत ते समजावून सांगणारा वकील अटकेच्या वेळीच लाभणे आवश्यक असते. मोहाच्या फुलांवरील बंधने उठण्यास १८९२ पासून सु. १३० वर्षे लागली, यावरून अपराधाची व्याख्या पालटण्याची गती ध्यानात येते.